रेडिओसाठी मोजून-मापून दिलेली शिट्टी

कोरीट गावातल्या एखाद्या घरातला मध्यम लहरींचा जुना रेडिओ क्षीण झाला, तर दुरुस्तीसाठी आकाशवाणीच्या कार्यक्रमावर विसंबू नये. गाणं कधी चढतं, कधी उतरतं. सिग्नल जनरेटर मात्र एकसारखी लहर देतो. नुसती वाहक लहर ऐकू येत नाही, म्हणून यंत्रातल्याच 400 किंवा 1000 हर्ट्झच्या स्वराने तिची उंची कमी-जास्त करतात. हेच एएम मॉड्युलेशन. चाचणीला 30 टक्के पुरे. 100च्या पुढे स्वर फाटतो.

जनरेटरची वारंवारता 455 किलोहर्ट्झ ठेवा, बहुतेक रेडिओंची आयएफ, म्हणजे मधली वारंवारता, हीच. सिग्नल कपॅसिटरमधून आत सोडा आणि आयएफटीचा, म्हणजे आयएफ ट्रान्सफॉर्मरचा, गाभा प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने अलगद फिरवत स्वर सर्वांत मोठा करा. घाई होते ती इथेच: सिग्नल जोरात सोडला जातो. मग आवाज आपोआप सावरणारी एजीसी व्यवस्था फरक झाकते आणि कान फसतो. स्वर जेमतेम ऐकू यावा एवढंच आउटपुट हवं. स्वर वाढला की आउटपुट पुन्हा उतरवा. मला या कामातला हा सगळ्यात मोलाचा धडा वाटतो.

शेवटी जनरेटर 963 किलोहर्ट्झवर नेऊन जळगाव केंद्राची जागा तबकडीवर जुळते का, तेही पाहा.