सुवार्तावादी ख्रिस्ती मंडळी, सातारा-सांगली परिसरातील

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील एका व्यापक विचारप्रवाहाच्या मंडळ्या. ‘इव्हँजेलिकल’ ह्या संज्ञेचे मूळ असलेल्या ‘यूअँगेलिऑन’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ शुभवर्तमान किंवा सुवार्ता असा आहे. बायबलचे अंतिम प्रामाण्य, ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणामुळे लाभणारी पापक्षमा, व्यक्तीच्या अंतःकरणात घडून येणारे परिवर्तन आणि सुवार्ताप्रसाराचे कर्तव्य ही ह्या प्रवाहाची चार प्रमुख लक्षणे होत. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’ म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय. उपासनेची वास्तू नव्हे. सातारा भागात हा प्रवाह मुख्यत्वे काँग्रिगेशनल, तर सांगली-मिरज भागात प्रेसबिटेरियन परंपरेतून आला. दोन्हींची मूलतत्त्वे जवळजवळ एकच होती. कारभाराची पद्धत मात्र भिन्न होती.

इतिहास : अमेरिकन बोर्ड ह्या संस्थेच्या मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबईत कार्यास प्रारंभ केला. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र होते. सातारा येथील केंद्र १८४९ मध्ये सुरू झाले. कोल्हापुरात त्याच बोर्डाचे मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये आले. मिशनऱ्याने प्रवचन व मंडळ्यांची स्थापना ह्यांनाच प्राधान्य द्यावे, की शाळा हेही सुवार्ताकार्यच मानावे, ह्या प्रश्नावर त्यांचे व बोर्डाचे मतभेद झाले. वाइल्डर ह्यांचा भर शाळांवर होता. बोर्डापासून वेगळे होऊन त्यांनी काही काळ स्वतंत्रपणे काम केले आणि १८७० मध्ये ते अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चच्या मिशनकार्यात सामील झाले. ह्या मिशनने १८८४ मध्ये सांगली येथे व १८९२ मध्ये मिरज येथे केंद्रे काढली. ही दोन्ही गावे त्या वेळी पटवर्धन घराण्याच्या संस्थानांची ठिकाणे होती. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा ह्या नावाने अस्तित्वात आला. त्याचे सध्याचे नाव १९६० मधील आहे.

मूलतत्त्वे : ईश्वर एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन रूपांनी नव्हे, तर तीन व्यक्तींच्या ऐक्याने तो अस्तित्वात आहे, हा त्र्यैक्याचा सिद्धांत ह्या मंडळ्या मानतात. येशू ख्रिस्त हा पूर्णतः ईश्वर व पूर्णतः मनुष्य आहे. त्याचे मरण हे मानवाच्या पापांसाठी केलेले प्रायश्चित्त असून तिसऱ्या दिवशी त्याचे पुनरुत्थान झाले. तो न्यायासाठी पुन्हा येईल. मनुष्य स्वतःच्या पुण्यकर्मांनी नव्हे, तर ईश्वराच्या कृपेने व केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो. सत्कर्मे हे तारणाचे कारण नसून फळ होय.

पश्चात्ताप व श्रद्धा ह्यांद्वारा होणाऱ्या आंतरिक परिवर्तनास ‘नवा जन्म’ म्हणतात. हिंदू परंपरेतील पुनर्जन्माशी ह्या कल्पनेचा संबंध नाही. तो ह्याच आयुष्यात, एकदाच घडणारा बदल आहे. प्रत्येक श्रद्धावंत ख्रिस्ताद्वारे ईश्वरापुढे थेट जाऊ शकतो. म्हणून पाळक हा उपदेशक व मार्गदर्शक असतो; ईश्वर व मनुष्य ह्यांतील मध्यस्थ नसतो. बायबल सर्वांना वाचता यावे, ह्या आग्रहामुळे मराठी भाषांतर व साक्षरता ह्यांना महत्त्व आले. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये पूर्ण झाले. तत्पूर्वी १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ज्ञानोदय हे नियतकालिक अहमदनगर येथे सुरू केले होते.

संस्कार : रोमन कॅथलिक चर्च सात संस्कार मानते, ह्या मंडळ्या बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच मानतात. बाप्तिस्मा पाणी शिंपडून वा ओतून देण्याची प्रथा आहे. श्रद्धावंत आईबापांच्या बालकांसही तो दिला जातो. अशी बालके मोठेपणी स्वतः श्रद्धेची कबुली देऊन पूर्ण सभासद होतात. बॅप्टिस्ट व पेंटेकोस्टल मंडळ्या मात्र स्वतः श्रद्धेची कबुली देणाऱ्यासच, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, तर मुक्तिफौज हे दोन्ही संस्कार बाह्य विधी म्हणून पाळत नाही. प्रभुभोजनात भाकर व द्राक्षरस ही ख्रिस्ताच्या शरीराची व रक्ताची चिन्हे असतात. त्यांचे द्रव्य बदलत नाही. पण श्रद्धेने ती घेणाऱ्यास ख्रिस्ताचा आत्मिक सहवास लाभतो, अशी धारणा आहे. जातिभेद पाळणाऱ्या समाजात एकाच भाकरीचे व प्याल्याचे वाटेकरी होणे ही केवळ धार्मिक बाब राहिली नाही. सहभोजनाचा प्रश्न येथे संस्काराच्या रूपाने प्रत्यक्ष आचरणात आला.

उपासना व कारभार : रविवारच्या उपासनेत गीते, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश, दान व आशीर्वचन हा क्रम सामान्यतः असतो, उपदेशास मध्यवर्ती स्थान असते. मूर्ती, संतांची मध्यस्थी व मृतांसाठी प्रार्थना ह्यांना स्थान नाही. रविवारची शाळा, कौटुंबिक प्रार्थना, स्त्रियांच्या सभा हे मंडळीच्या जीवनाचे नित्य भाग होत. पाश्चात्त्य चालींच्या गीतांबरोबरच अभंग, भजन व कीर्तन हे मराठी प्रकारही उपासनेत व प्रचारात रूढ झाले.

काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक निवडण्यास व आपला कारभार पाहण्यास स्वतंत्र असते. प्रेसबिटेरियन पद्धतीत निवडलेले ‘वडील’ व पाळक ह्यांची सभा मंडळीचा कारभार पाहते आणि तिच्यावर विभागीय सभांचे नियंत्रण असते. ह्या भागात दोन्ही परंपरा १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया ह्या चर्चमध्ये एकत्र आल्या. हे चर्च व अन्य पाच संघटना मिळून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात बिशपपद स्वीकारण्यात आले, तसेच बालकांचा व प्रौढांचा अशा दोन्ही प्रकारच्या बाप्तिस्म्यांना मान्यता देण्यात आली.

सेवाकार्य : सत्कर्मांनी तारण मिळत नाही, असे मानणाऱ्या ह्या मंडळ्यांच्या परिसरातच सत्कर्मांच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५–१९३३) हे वैद्यकीय मिशनरी १८८९ मध्ये भारतात आले. त्यांनी मिरज येथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. क्षयरोग्यांसाठी वॉनलेसवाडी येथे, तर कुष्ठरोग्यांसाठी मिरज येथे स्वतंत्र संस्था निघाल्या. सांगलीत औद्योगिक शिक्षणाची शाळा होती; वाई येथे अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते. वाइल्डर ह्यांच्या काळी वादग्रस्त ठरलेला प्रश्न अशा रीतीने प्रत्यक्ष कार्यातून बव्हंशी सुटला. रुग्णसेवा व शिक्षण हे सुवार्तेचे साधन मानावे, की तिचेच एक रूप, ह्याविषयी मात्र दोन्ही मते राहिली.

बाप्तिस्मा व समाज : तारण केवळ श्रद्धेने मिळत असेल, तर बाप्तिस्मा व मंडळीचे सभासदत्व कितपत आवश्यक, हा ह्या सिद्धांतातून उद्भवणारा अवघड प्रश्न आहे. मंडळीच्या मते बाप्तिस्मा ही श्रद्धेची जाहीर साक्ष व ख्रिस्ताची आज्ञा होय. हिंदू समाजात मात्र त्याचा अर्थ जात, घर व वारसा ह्यांपासून तुटणे असा होत असे. मनाने ख्रिस्ताला मानणाऱ्याला समाज सहन करी, बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा करीत नसे.

ह्या प्रश्नाला साताऱ्यात एक निराळे उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता व पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले होते. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास आले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ होता. बाप्तिस्म्याचा त्यांनी निषेध केला नाही. ख्रिस्ताकडे येणाऱ्याने परकीय वळणाच्या संस्थेत शिरलेच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अल्पजीवी ठरला.

प्रश्न मात्र संपला नाही. ह्या भागातील मंडळ्यांत पूर्वास्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित होता; १९५६ मध्ये तो शीखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यास तो मिळत नाही. जातिभेद न मानणारा संस्कार स्वीकारल्यावर जातीमुळे भोगलेल्या अन्यायावरील घटनात्मक उपाय दुरावतो. त्यामुळे श्रद्धा व तिची जाहीर साक्ष ह्यांतील अंतर हा केवळ धर्मशास्त्राचा विषय राहत नाही.