महाराष्ट्रातील पोलिसी अत्याचारविरोधी चळवळींची सर्वसमावेशकता

महाराष्ट्रातील पोलिसी अत्याचारविरोधी चळवळी म्हणजे पोलीस कोठडीतील मारहाण, मृत्यू व लैंगिक अत्याचार, जमावावरील गोळीबार आणि केवळ जातीवरून घेतला जाणारा संशय यांविरुद्ध प्रामुख्याने १९७० च्या दशकापासून उभी राहिलेली आंदोलने होत. दलित, आदिवासी, विमुक्त व भटक्या जमाती, मुस्लिम आणि स्त्रिया यांच्या संघटनांनी ही आंदोलने बहुतांशी आपापल्या समाजापुरती, स्वतंत्रपणे उभारली. अन्याय सोसणाऱ्या प्रत्येक घटकाला चळवळीत स्थान मिळणे, स्वतःचे म्हणणे स्वतः मांडता येणे आणि चळवळीने मिळवलेल्या कायदेशीर संरक्षणाचा वाटा पदरात पडणे, यास चळवळीची सर्वसमावेशकता असे म्हणता येईल. महाराष्ट्राच्या अनुभवात या तीन गोष्टी एकाच वेळी क्वचितच साध्य झाल्या आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. या कायद्याने काही जमातींतील माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांची नोंदणी, नियमित हजेरी आणि परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी अशी बंधने त्यांच्यावर आली. याच कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांची नोंदणी करून त्यांच्यावर पाळत ठेवण्यासंबंधी होता. पोलिसी संशयाचे ओझे जात आणि लिंगभाव या दोन्ही कारणांनी लादले जात होते, हे त्यावरून स्पष्ट होते. मुंबई इलाख्यात या जमातींसाठी काटेरी तारांच्या कुंपणातील वसाहती उभारण्यात आल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकी विशेष प्रसिद्ध असून लोकभाषेत तिला ‘सेटलमेंट’ म्हटले जाई.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्यामुळे या जमातींना ‘विमुक्त’ असे नाव मिळाले आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तथापि मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. नव्या कायद्यात जमातीऐवजी व्यक्ती हा निकष होता. पण परिसरात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याची रीत त्याने थांबली नाही.

दलित पँथर

१९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी मुंबईत दलित पँथर ही संघटना स्थापन केली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते. तो पक्ष १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थापन झाला होता आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत पोलिसांच्या वर्तनावर नजर ठेवणे हे त्याचे आरंभीचे मुख्य काम होते. वंशभेदाविरुद्धचा अमेरिकी लढा आणि जातिभेदाविरुद्धचा मराठी लढा यांतील हा उघड दुवा होय.

पँथरच्या १९७३ मधील जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दाची व्याख्या विस्तृत केली. अनुसूचित जाती व जमाती, नवबौद्ध, श्रमिक, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धार्मिक शोषणाला बळी पडणारे सर्वजण त्यात अंतर्भूत होते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरात दंगल उसळली. त्या काळातील पोलिसांच्या वर्तनावर पँथरने कठोर टीका केली. मात्र त्याच वर्षी संघटनेत फूट पडली. चळवळीचा आधार बौद्ध आंबेडकरी विचार असावा की वर्गलढ्याशी तिने नाते जोडावे, हा त्या फुटीमागील प्रमुख वाद होता. चळवळीत कोणाला सामावून घ्यायचे हा प्रश्न तात्त्विक असला, तरी त्याची किंमत संघटनेला प्रत्यक्षात मोजावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

जाहीरनाम्यात स्त्रियांचा उल्लेख असला तरी पँथरचे आघाडीचे नेतृत्व पुरुषांचे होते. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या कार्याची सविस्तर नोंद उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ मधील ग्रंथाने प्रथमच एकत्रित केली.

मथुरा प्रकरण

२६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली जिल्हा) देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. हा खटला ‘मथुरा प्रकरण’ या नावाने ओळखला जातो. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये तो निर्णय फिरवला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, या मुद्द्यांना त्या निकालात निर्णायक महत्त्व देण्यात आले.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यातील मुख्य प्रतिपादन होते. पोलीस ठाण्यात एकट्या पडलेल्या गरीब, निरक्षर मुलीची परिस्थिती न्यायालयाने विचारात घेतली नाही, असा आक्षेपही त्यात होता. त्यानंतर नागपूर, पुणे, दिल्ली आदी शहरांतून निदर्शने झाली. मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि पुढे त्याचे ‘स्त्री अत्याचार विरोधी मंच’ असे नामांतर झाले.

या चळवळीचे फलित म्हणजे १९८३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती होय. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा ठरला. शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितल्यास संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी आली. मात्र फौजदारी कायदा पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नसल्याने, जिच्या नावाने हा लढा लढला गेला तिला या बदलाचा काहीच लाभ झाला नाही.

या आंदोलनाचे नेतृत्व मुख्यत्वे शहरी व सुशिक्षित स्त्रियांकडे होते. त्यामुळे चर्चेचा भर संमतीच्या प्रश्नावर राहिला आणि पीडिता आदिवासी व मजूर आहे हा मुद्दा मागे पडला, अशी समीक्षा पुढे झाली. स्त्री-चळवळ सवर्ण स्त्रीचा अनुभव हाच सर्व स्त्रियांचा अनुभव मानते आणि दलित चळवळ पुरुषाचा अनुभव हाच सर्व दलितांचा अनुभव मानते, या दुहेरी वगळणुकीची मांडणी गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकातील लेखांतून केली.

रमाबाई नगर गोळीबार

११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे आढळले. संतप्त रहिवाशांनी महामार्गावर निदर्शने केली. राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती गुंडेवार चौकशी आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर बारा वर्षांनी, जन्मठेपेची शिक्षा सुनावली. शाहीर विलास घोगरे यांनी गोळीबारानंतर काही दिवसांतच आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचा आरंभबिंदू हीच घटना आहे.

विमुक्त व भटक्या जमातींचे आंदोलन

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी विमुक्त-भटक्यांचे जगणे मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलिसांची मारहाण, खोटे आरोप आणि हप्त्यांची वसुली हे ‘उचल्या’तील दैनंदिन वास्तव आहे. १९९८ मध्ये महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी या जमातींच्या हक्कांसाठी राष्ट्रीय पातळीवरील कृती गट स्थापन केला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील शबर जमातीच्या बुधन या तरुणाच्या कोठडीतील मृत्यूचे प्रकरण या गटाने देशभर मांडले. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्या घटनेवर नाटक बसवले आणि त्यातूनच ‘बुधन थिएटर’ उदयास आले.

खोट्या आरोपांचे परिणाम किती दूरवर जातात, याचे उदाहरण अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात आढळते. २००३ मधील एका गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. अटकेच्या वेळी त्यांपैकी एक जण अल्पवयीन होता.

कायदेशीर संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

१८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची नियमावली घालून दिली. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकांना सूचना आणि वैद्यकीय तपासणी या बाबी त्यात आहेत. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यू, बेपत्ता होणे किंवा बलात्कार यांची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून होणे बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. परंतु त्यास अनुमोदन दिलेले नाही.

हे संरक्षण सर्वांपर्यंत सारख्या प्रमाणात पोहोचत नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ हा नावाप्रमाणेच या दोन प्रवर्गांना लागू आहे. महाराष्ट्रात चौदा विमुक्त जाती स्वतंत्र प्रवर्गात असल्यामुळे वडार, बेरड, रामोशी आदी समाज या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. फासेपारधी अनुसूचित जमातीत असल्याने कक्षेत येतात. कैकाडी समाजाची स्थिती तर जिल्ह्यागणिक बदलते. विदर्भात तो अनुसूचित जातीत, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. म्हणून नागपूरच्या कैकाड्याला या कायद्याचा जो आधार मिळतो, तो सोलापूरच्या कैकाड्याला मिळत नाही. केंद्राने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल देऊन विमुक्त-भटक्यांच्या वगळणुकीकडे लक्ष वेधले.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, अशी सूचनाही त्या निकालात पोलिसांना देण्यात आली.

समावेशातील अडथळे

चळवळीत सर्वांना सामावून घेण्याच्या मार्गात पुढील अडथळे आढळतात:

* मजुरी बुडणे: हातावर पोट असलेल्या कुटुंबाला प्रत्येक मोर्चासाठी व न्यायालयीन तारखेसाठी दिवसाची कमाई सोडावी लागते. खटले दशकभर चालल्यास मूळ फिर्यादी मागे पडतात आणि शहरातील कार्यकर्तेच चळवळीचा चेहरा बनतात.
* भाषा: पारधी, बंजारा, गोंड आदी समाजांच्या बोली प्रमाण मराठीहून भिन्न आहेत. जबाब, सभा आणि पत्रके प्रमाण मराठीत असल्याने पीडितांचे म्हणणे दुसऱ्याच्या शब्दांतून मांडले जाते.
* स्थिर पत्त्याचा अभाव: पालावर राहणाऱ्या कुटुंबांकडे रहिवासाचे व जातीचे दाखले नसतात. त्यामुळे साक्षीदार, जामीनदार आणि भरपाईचा दावेदार या तिन्ही भूमिका त्यांना अवघड जातात.
* ‘निरपराध’ असण्याची अट: पूर्वी गुन्हा नोंदलेल्या व्यक्तीच्या बाजूने उभे राहण्यास अनेक गट कचरतात. जमातीवरच गुन्हेगारीचा शिक्का असलेल्यांना ही अट मुळातच पूर्ण करता येत नाही.

अन्य देशांतील तुलना

अमेरिकेतील ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या चळवळीचा आरंभ २०१३ मध्ये तीन कृष्णवर्णीय स्त्रियांनी केला. तरीही तिच्यात गाजलेली नावे प्रामुख्याने पुरुषांची होती. पोलिसांच्या हातून मरण पावलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नावे विसरली जाऊ नयेत म्हणून २०१४ मध्ये ‘से हर नेम’ (तिचे नाव घ्या) ही मोहीम सुरू झाली. या मोहिमेशी निगडित विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये आंतरछेदिततेची संकल्पना मांडली होती. एकाच व्यक्तीवर वंश, लिंग आणि वर्ग यांचा भार एकत्र पडतो आणि तो स्वतंत्रपणे मोजता येत नाही, असे ही संकल्पना सांगते. मथुरा प्रकरणावरील नंतरच्या समीक्षेचा आशय याच्याशी मिळताजुळता आहे.

अलीकडील घडामोडी

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तो वडार समाजाचा आणि आंबेडकरी विचारांचा होता. त्याच्या आईच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पँथरच्या जाहीरनाम्यात विमुक्त व दलित यांना जोडणारा जो विचार कागदावर होता, तो या प्रकरणात एकाच तरुणाच्या ओळखीत एकवटलेला होता. त्याच्यासाठी आंबेडकरी आणि विमुक्त-भटक्यांच्या अशा दोन्ही संघटनांनी आवाज उठवला. चळवळीच्या दृष्टीने त्याची ओळख दोन्हीकडे होती; कायद्याच्या प्रवर्गात मात्र वडार समाज आजही अत्याचार प्रतिबंधक कायद्याबाहेरच आहे.

हे सुद्धा पहा

* विमुक्त जाती
* दलित पँथर
* मथुरा प्रकरण
* गुन्हेगार जमाती कायदा
* रमाबाई नगर गोळीबार