अडचणींच्या शब्दांमागचे हात

इंग्रजी ‘ट्रिब्युलेशन’ म्हणजे हालअपेष्टा. पण शब्द जन्मला खळ्यात. रोमन शेतकरी मळणीला ‘ट्रिब्युलम’ वापरत: खालून गारगोटीचे धारदार तुकडे किंवा लोखंडी दाते ठोकलेली जड फळी. तिच्यावर ओझं ठेवून किंवा माणूस उभा करून बैल ती कणसांवरून ओढत. दाणे सुटत, काडाचा चुरा होई. छळ सोसणाऱ्या सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजातल्या लेखकांनी आपल्या हालांसाठी या फळीवरून आलेला शब्द वापरला. स्पेनमध्ये अशा फळ्या विसाव्या शतकातही खळ्यांवर फिरत होत्या.

‘ट्रॅव्हल’ म्हटलं की आज सहल आठवते. खरं तर जीवघेण्या कष्टांना इंग्रजीत जो ‘ट्रॅव्हेल’ शब्द आहे, त्याचंच हे दुसरं रूप. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचा माग ‘ट्रिपेलियम’पर्यंत नेतात. तीन खुंटांच्या या सांगाड्याला बांधून माणसाचा छळ करत. फ्रेंचमध्ये हाच शब्द साध्या रोजच्या कामाला वापरतात.

‘डिस्ट्रेस’चं मूळ लॅटिन क्रियापद ताणण्याचं, आवळण्याचं. भाडं थकलं की घरमालकाने कोर्टात न जाता भाडेकरूची चीजवस्तू ताब्यात घ्यायची, या कारवाईलाच इंग्लंडच्या कायद्यात ‘डिस्ट्रेस’ म्हणत. तिथे ती २०१४ मध्ये बंद झाली. आपल्या ओळखीचा ‘डिस्ट्रिक्ट’ही त्याच मुळाचा; सरंजामदाराचा असा अंमल जिथवर चाले, तो मुलूख.

‘डिझास्टर’मध्ये दोष ताऱ्यांचा: इटालियनमधून आलेला हा शब्द ग्रहमान फिरल्याचं सांगतो. बाकीच्या शब्दांत मात्र माणसाने माणसावर चालवलेला हात दिसतो, आणि म्हणूनच ते मला अधिक अस्वस्थ करतात.

सगळ्यांत जास्त ‘ऑर्डिअल’. जुन्या इंग्रजीतल्या या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘निवाडा’. जर्मनमधला ‘उर्टाइल’ आजही तोच अर्थ सांगतो. जुन्या काळी इंग्लंडमध्ये हा निवाडा असा होई: आरोपीने तापलेलं लोखंड हातात धरून नऊ फूट चालायचं. हात बांधून ठेवत, तिसऱ्या दिवशी सोडून पाहत. जखम चिघळली असेल तर तो दोषी. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना या विधीत भाग घ्यायला मनाई केली आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडमधली ही पद्धत संपली.

महाराष्ट्रात ती त्यानंतरही कित्येक शतकं होती. वतनाच्या भांडणात साक्षीपुराव्यांनी निकाल लागेना, की वादी-प्रतिवाद्याला ‘रवा’ काढावा लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहोर करत, आणि ती उघडल्यावर हात कसा निघतो त्यावर पिढ्यान् पिढ्यांचं वतन ठरे. या परीक्षेचं नाव ‘दिव्य’.

दोन्हीकडे ती न्यायपद्धत गेली आणि शब्दांचा अर्थ सारखाच सरकला. लांबलेल्या आजारपणाला, वर्षानुवर्षं रखडलेल्या खटल्याला इंग्रज ‘ऑर्डिअल’ म्हणतात. त्यातून निभावलेल्या माणसाने दिव्य केलं, असं आपण म्हणतो.