'पजहति' : सोडण्याचा अर्थ

पालीतील 'पजहति' हे क्रियापद 'प' उपसर्ग व 'हा' (सोडणे) धातू यांपासून बनते. त्याचे नाम 'पहान'. आपला 'हानी' हा शब्दही त्याच धातूचा. परंतु अर्थ भिन्न आहे. व्यवहारात 'त्याग' म्हटले की प्रिय वस्तूस मुकणे, असा भाव उमटतो. पहानात तो नाही. दुसऱ्या आर्यसत्याविषयीचे कर्तव्य पहानाचेच आहे : दुःखाचे मूळ असलेली तृष्णा सोडावयाची. मराठीत दारू 'सोडली' म्हणतो, तेव्हा आपण हाच अर्थ योजतो. मार्च १९२७ मध्ये महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास सांगितले. त्यात गमावण्याजोगे काही नव्हते. मिळवावयाचा होता तो स्वाभिमान. म्हणून अकुशल सोडण्यास आम्ही हानी नव्हे, मुक्ती म्हणतो.