ब्रेकवर उभं असलेलं यंत्र

केळीचा घड उतरवताना कोयता बोटाला लागणं ही खानदेशातल्या फैजपूर-यावल-रावेर पट्ट्यात बातमी नसते. मजूर फडकं गुंडाळतो आणि पुढच्या झाडाकडे वळतो. तेवढ्यात बागेची माती, शेणखत, पाटाचं पाणी यांतले जिवाणू जखमेतून आत गेलेले असतात. पांढऱ्या पेशींची फौज तिथं जमायला काही तास लागतात. नव्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा तरी जातो. पहिल्या काही मिनिटांत जी यंत्रणा कामाला लागते, ती रक्ताच्या पाण्यात विरघळलेलीच आहे. तिचं नाव कॉम्प्लिमेंट. मराठी पुस्तकांत पूरक प्रणाली.

तिला पेशी नाही, अवयव नाही, मेंदूचा हुकूम नाही. तीसहून अधिक प्रथिनं, त्यातली बहुतेक यकृतात बनलेली, एकमेकांना तोडत आणि जोडत जातात. मुख्य प्रथिनांना सी-१ ते सी-९ असे क्रमांक आहेत, पण ते बरेचसे सापडण्याच्या ओघात पडल्यामुळे कामाचा क्रम सी-१, सी-४, सी-२, सी-३ असा वाकडा आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या यावर चिडल्या आहेत. कुणी क्रमांक बदलले नाहीत.

सगळ्याच्या मध्यभागी आहे सी-३. रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमागे ते साधारण एक मिलिग्रॅम असतं, म्हणजे या कुटुंबात सर्वांत मुबलक. त्याच्या पोटात एक अतिशय चपळ रासायनिक बंध दडवून ठेवलेला असतो. सी-३ तुटलं की त्याचा मोठा तुकडा, सी-३बी, उघडा पडतो आणि तो बंध सेकंदाच्या एका बारीकशा अंशात समोर येईल त्या पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. पृष्ठभाग मिळाला नाही तर पाण्याशीच लागून वाया जातो. चिकटलेला तुकडा फॅक्टर बी नावाच्या प्रथिनाला धरतो, फॅक्टर डी त्याला कापतं, आणि तयार झालेली जोडी आणखी सी-३ तोडू लागते. एकाचे दहा, दहाचे शंभर. काही मिनिटांत जिवाणूचं अंग या तुकड्यांनी माखून निघतं.

आता यातली खरी गंमत. जंतू नसतानाही सी-३ थोडंथोडं आपोआप उघडत असतं, दिवसरात्र, तुम्ही हे वाचत असतानाही. बांधावर इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून उभा केलेला ट्रॅक्टर असतो ना, तशी ही यंत्रणा आहे. सुरू करण्यात वेळ जात नाही, आणि सगळी भिस्त ब्रेकवर. चिकटणाऱ्या तुकड्याला जिवाणू आणि आपली रक्तपेशी यांतला फरक कळत नाही. फरक ब्रेकमध्ये आहे. आपल्या पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ यांसारखी रोखणारी प्रथिनं रोवलेली असतात. रक्तात फिरणारं फॅक्टर एच आपल्या पेशींवरची साखरेची खूण ओळखतं आणि फॅक्टर आयच्या मदतीनं चिकटलेला तुकडा निकामी करतं. बहुतेक जिवाणूंकडे यातलं काही नसतं. पाठ्यपुस्तकांत ब्रेकांना शेवटचा परिच्छेद मिळतो; माझ्या मते धडा तिथूनच सुरू करायला हवा.

या आपोआप चालण्याखेरीज यंत्रणेला आणखी दोन तोंडं आहेत. एक अँटिबॉडी जंतूला लागली की उघडतं. दुसरं साखरेवर उघडतं: जिवाणू आणि बुरशीच्या अंगावर मॅनोज नावाची साखर विशिष्ट मांडणीत असते, आणि ती पकडणारं मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन आपल्या रक्तात असतं. बऱ्याच धडधाकट माणसांत ते फार कमी असतं आणि त्यांचं काही बिघडत नाही, कारण बाकीची तोंडं उघडी असतात. इथं केळीवाल्यांसाठी एक बातमी आहे. मॅनोज पकडणारं एक लेक्टिन केळीच्या गरातही असतं. रचनेनं ते आपल्या लेक्टिनचं नातेवाईक नाही, पकड मात्र त्याच साखरेवर. मिशिगन विद्यापीठातल्या गटानं त्यात एका जागी फेरफार करून विषाणूंना अडवणारं रूप तयार केलं आणि ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. केळी खाल्ल्यानं ते रक्तात येत नाही, पोटात पचून जातं, हेही लगेच सांगितलेलं बरं. नाहीतर उद्या सावद्याच्या मार्केटात ‘विषाणूनाशक केळी’चा फलक लागायचा.

कॉम्प्लिमेंटचा माग पहिल्यांदा नीट काढला तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, पटकीच्या जंतूंवर. १८९५ साली ज्यूल बोर्दे या पंचविशीतल्या बेल्जियन डॉक्टरनं पटकीची लस दिलेल्या प्राण्याचं सीरम ५५ अंशांपर्यंत तापवलं. त्याची जंतू मारण्याची ताकद गेली. त्यात लस न दिलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम टाकलं, तर ताकद परत आली. म्हणजे सीरममध्ये दोन गोष्टी होत्या: एक लसीमुळे तयार झालेली आणि उष्णता सोसणारी, दुसरी सगळ्यांच्याच रक्तात असलेली आणि नाजूक. पहिली अँटिबॉडी, दुसरी कॉम्प्लिमेंट. १९१९ चं नोबेल बोर्देला मिळालं. (भुसावळचा मे महिना कितीही तापला तरी आतलं रक्त ३७ अंशांच्या आसपासच राहतं, त्यामुळे काळजी नको. प्रयोगशाळेत मात्र कॉम्प्लिमेंटची कार्यक्षमता तपासायचं सीरम बर्फात जपावं लागतं.)

साखळीच्या शेवटी सी-५ तुटतं आणि सी-६, सी-७, सी-८ यांच्यासोबत जंतूच्या आवरणावर बसतं. मग सी-९ चे अठरापर्यंत रेणू गोल करून आवरणात आरपार भोक पाडतात. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर येतं ते हेच चित्र. देखणं आहे, पण त्याला वाजवीपेक्षा जास्त मान मिळाला आहे. ज्यांच्यात जन्मतः सी-५ ते सी-९ पैकी एखादं नसतं, त्यांना त्रास होतो तो मुख्यतः मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकस जिवाणूच्या घराण्याचा, तोही वारंवार. सी-३ च नसलं तर मात्र लहानपणापासून पू करणारे गंभीर संसर्ग पाठ सोडत नाहीत. म्हणजे भोक पाडण्यापेक्षा जंतूला माखून पांढऱ्या पेशींच्या तोंडी देणं हे मोठं काम. मेनिंगोकोकसपुरतं मात्र भोकाला पर्याय नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक लस २०१० पासून आफ्रिकेत दिली गेली. तिचा परिणाम मोजण्याची पद्धतच ही होती: लस घेतलेल्याचं सीरम, जिवंत जिवाणू आणि सशाच्या पिल्लाचं कॉम्प्लिमेंट एकत्र करून किती जिवाणू मरतात ते पाहायचं.

ब्रेक नसला तर काय होतं, हे नाग दाखवतो. नागानं स्वतःच्या सी-३ च्या जनुकाची नक्कल करून ती विषग्रंथीत वापरली आहे. या विषातल्या प्रथिनाला कोब्रा व्हेनम फॅक्टर म्हणतात. ते आपल्या फॅक्टर बीशी जोडी करतं, पण फॅक्टर एच आणि आय यांना दाद देत नाही. आपली स्वतःची जोडी दीडेक मिनिटात अर्ध्यावर येते. ही जोडी तशी ढासळायला सुमारे सात तास घेते. तेवढ्यात रक्तातलं सी-३ संपून जातं. नागदंशानं माणूस मरतो तो यामुळे नव्हे, श्वासाचे स्नायू लुळे करणाऱ्या विषामुळे, आणि त्यावर प्रतिसर्पविष हाच उपाय. पण कॉम्प्लिमेंटविना प्राण्याचं काय होतं हे पाहण्यासाठी संशोधकांनी कित्येक दशकं नागाचंच हे प्रथिन वापरलं.

विषाणूंनी उलटी चाल केली: त्यांनी ब्रेक चोरला. देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅक्सिनिया विषाणूकडे आपल्या ब्रेकसारखं प्रथिन आहे, हे गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. खुद्द देवीच्या विषाणूतही तेच प्रथिन आहे, फक्त अकरा अमिनो आम्लांच्या फरकानं, आणि माणसाच्या कॉम्प्लिमेंटला रोखण्यात ते कितीतरी पटींनी जास्त तरबेज आहे. खानदेशातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर ज्या रोगाचे वण दिसत, त्याच्या विषाणूकडे हे हत्यार होतं. त्या अकरांतले नेमके कोणते बदल कामाचे, हा प्रश्न पुण्यात सोडवायला घेतला गेला. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेनं कॉम्प्लिमेंट आणि विषाणू हाच विषय धरला. कापोसी सार्कोमा या कर्करोगाशी जोडलेल्या हर्पिस विषाणूतला असाच ब्रेक त्यांच्या गटानं २००३ मध्ये उलगडला. त्याला कापोसिका हे नाव मिळालं.

पुण्याला येण्याआधी साहू फिलाडेल्फियात जॉन लॅम्ब्रिस यांच्याबरोबर होते. तिथं त्यांनी यादृच्छिक पेप्टाइडांच्या ढिगातून सी-३ ला चिकटणारं पेप्टाइड वेचून काढलं. त्याचंच तेरा अमिनो आम्लांचं गोल रूप १९९६ मध्ये कॉम्पस्टॅटिन म्हणून पुढे आलं: कारखान्यात बनवता येईल असा, सी-३ वरच बसणारा ब्रेक. काही माणसांच्या रक्तपेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ बसतच नाहीत, कारण त्यांना पेशीवर अडकवणारा आकडाच बनत नाही. त्यांच्या लाल पेशी स्वतःच्याच कॉम्प्लिमेंटनं फुटतात आणि सकाळची लघवी काळपट येते. या आजारावर सी-५ रोखणारं एक्युलिझुमॅब २००७ मध्ये आलं आणि जगातल्या सर्वांत महाग औषधांत गणलं गेलं. कॉम्पस्टॅटिनपासून घडवलेल्या पेगसेटाकोप्लानला अमेरिकेत मान्यता मिळाली ती मे २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या शोधनिबंधानंतर पंचवीस वर्षांनी. ही औषधं घेणाऱ्यांना मेनिंगोकोकसची लस घ्यावीच लागते. कारण वर आलंच आहे.

फैजपूरच्या दवाखान्यात मात्र ही यंत्रणा वेगळ्याच वाटेनं भेटते. खरजेचे फोड चिघळून गेलेलं किंवा घसा दुखून बरं झालेलं मूल काही आठवड्यांनी सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठतं, लघवी कोकाकोलासारखी येते, रक्तदाब वाढलेला असतो. स्ट्रेप्टोकोकसविरुद्धच्या प्रतिकाराची झळ मूत्रपिंडाला लागलेली असते. तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टर लघवी आणि क्रिएटिनिनसोबत सी-३ लिहितात. या आजारात सी-३ खाली जातं, सी-४ बहुधा शाबूत राहतं. दोन्ही खाली गेली असतील तर डॉक्टरांचं लक्ष ल्युपस या आजाराकडे वळतं. बहुतेक मुलं बरी होतात आणि सहा ते आठ आठवड्यांत सी-३ पूर्वपदावर येतं. म्हणून सूज उतरली, मूल शाळेत जायला लागलं, तरी दोन महिन्यांनी ती चाचणी पुन्हा करायची असते. तेव्हाही आकडा खालीच असेल, तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायला मोठ्या शहरात पाठवावं लागतं.