कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कधी वाजतो, कधी गप्प राहतो आणि वाजल्यावर काय करावे

घरात ‘गॅस डिटेक्टर’ बसवला असेल तर आधी त्याच्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा. आपल्याकडे या नावाने मिळणारी बरीच उपकरणे सिलिंडरच्या किंवा पाइपच्या गॅसची गळती ओळखतात. कार्बन मोनॉक्साइड त्यांना कळत नाही. सिलिंडरचा गॅस न जळता बाहेर आला तर आगीचा धोका असतो, पण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो, त्यामुळे नाकाला तो समजतो. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल किंवा डिझेल अर्धवट जळल्यामुळे. त्याला वास नाही, रंग नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. गॅस गिझर, बंद खोलीतली कोळशाची शेगडी, जनरेटर, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी ही त्याची नेहमीची ठिकाणे. डब्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ किंवा ‘सीओ’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते उपकरण या कामाचे नाही.

आकडा दिसतो, पण अलार्म वाजत नाही

हा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईक बरेचदा विचारतात. डिटेक्टरवर ७० आकडा दिसतो आहे, मग तो ओरडत का नाही? बिघडला आहे का?

बहुधा बिघडलेला नसतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि हळूहळू साठत जातो. म्हणून अपाय दोन गोष्टींवर ठरतो: हवेत वायू किती आणि तुम्ही त्या हवेत किती वेळ. घरगुती अलार्म याच हिशोबाने बनवलेले असतात. आकडा पीपीएममध्ये असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग. अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला अलार्म १ ते ४ तासांत वाजायला हवा, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. युरोपीय मानक थोडे कडक आहे: ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. तुमचे उपकरण कोणत्या मानकाचे आहे ते सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते.

आता यातली मेख पाहा. ही वेळ ठरवताना नजरेसमोर असतो तो मुख्यतः धडधाकट प्रौढ माणूस. घरात गरोदर बाई, तान्हे बाळ, हृदयविकाराचा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर अलार्म वाजण्याच्या आधीच्या पातळीलाही त्यांना त्रास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी सांगितलेली आठ तासांची मर्यादा साधारण ९ पीपीएम आहे. म्हणजे अलार्म गप्प आहे याचा अर्थ हवा चांगली आहे असा होत नाही. म्हणूनच मी आकडा दाखवणारे उपकरण घ्यायला सांगतो. बहुतेकांत ‘पीक’ नावाचे बटण असते. ते दाबले की आतापर्यंतचा सर्वांत जास्त आकडा दिसतो. रात्री सगळे झोपलेले असताना काय झाले, हे सकाळी त्यावरून कळते. पडद्यावर वारंवार २०-३० दिसत असेल तर अलार्मची वाट पाहू नका. ते उपकरण वापरणे थांबवा आणि गिझर किंवा चूल तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

घरगुती उपकरणांत अलार्मची पातळी आपल्याला बदलता येत नाही, आणि ते बरेच आहे. कामगार खिशाला लावतात त्या मीटरमध्ये मात्र ती बदलता येते. त्यांत सहसा दोन पातळ्या असतात. पहिली बऱ्याचदा ३५ पीपीएमला आणि दुसरी २०० पीपीएमला ठेवलेली असते. ‘सारखा वाजतो’ म्हणून पहिली पातळी वर सरकवणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर बदलणे. अशा मीटरला शून्यावर आणायचे असेल तर ते मोकळ्या, स्वच्छ हवेत करा. स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये केले, तर मीटर तिथल्या दूषित हवेलाच शून्य समजतो आणि पुढचा प्रत्येक आकडा कमी दाखवतो.

कुठे लावायचा

हा वायू हवेइतकाच, किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळतो. त्यामुळे सिलिंडरच्या गॅसच्या डिटेक्टरसारखा तो जमिनीलगत लावायची गरज नाही. झोपायच्या खोलीत पलंगावर झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला लावा. आवाज झोपेत ऐकू यायला हवा, त्यामुळे दिवाणखान्यात एकच लावून दारे बंद करून झोपण्यात अर्थ नाही. शेगडी किंवा गिझर असलेल्या खोलीत त्यापासून १ ते ३ मीटर अंतर ठेवा. पडद्यामागे, कपाटात, खिडकीच्या किंवा पंख्याच्या अगदी जवळ नको.

बाथरूमचे काय? वाफेने आतला सेन्सर खराब होतो, म्हणून तिथे तो लावू नका असे बहुतेक कंपन्या सांगतात. बाहेर लावला तर बंद दाराआड आंघोळ करणाऱ्याला त्याचा उपयोग फार उशिरा होतो. लहान, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असेल तर वायू काही मिनिटांत धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. माणूस चक्कर येऊन पडतो, त्याला कडी काढायचेही सुचत नाही. इथे डिटेक्टर हा उपाय नाहीच. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हवा आणि त्याचा धूर थेट घराबाहेर जायला हवा. ते होईपर्यंत बादलीत गरम पाणी भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आत जा.

कोणता आवाज म्हणजे काय

बऱ्याच उपकरणांत लागोपाठ चार मोठे आवाज, थोडा थांबा, पुन्हा चार, असे झाले तर हवेत वायू आहे. अर्ध्या किंवा एका मिनिटाने एकच छोटी ‘टिक’ ऐकू येत असेल तर बॅटरी संपत आली आहे किंवा उपकरणाचे आयुष्य संपले आहे. परदेशात मुलांकडे गेलेल्या आजी-आजोबांना ही टिक रात्री दोनला ऐकू येते आणि मग कोणीतरी बॅटरीच काढून ठेवते. तसे करू नका. सेन्सरचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षे असते, बदलायची तारीख मागच्या बाजूला पाहा. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबा, मात्र त्याने सहसा भोंगा, बॅटरी आणि सर्किट तपासले जाते, सेन्सर नाही.

अलार्म वाजला तर सगळ्यांनी आधी घराबाहेर पडा. वाटेत हाताशी असेल तर गॅस बंद करा, दार उघडे टाका, पण कारण शोधत आत थांबू नका. बाहेर आल्यावर माणसे मोजा. कोणाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखे होत असेल किंवा कोणी बेशुद्ध असेल तर १०८ ला फोन करा. भोंगा थांबला म्हणून परत आत जाऊ नका. दार उघडल्याने हवा बदलते आणि आकडा उतरतो, पण वायू तयार करणारी वस्तू तिथेच असते.

दवाखान्यात गेल्यावर ‘घरात सीओचा अलार्म वाजला’ हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि आकडा पाहिला असेल तर तोही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. वायू चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि तो ९८ दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून घरी जाऊ नका. रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची तपासणी करावी लागते. मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर रक्तातला वायू साधारण एक ते दीड तासात निम्मा होतो, साध्या हवेत त्याला चार ते पाच तास लागतात. म्हणून ऑक्सिजन सुरू करायला रिपोर्टची वाट पाहत नाहीत. गरोदर बाईला बरे वाटत असले तरी तपासणी हवीच, कारण बाळाच्या रक्तातून हा वायू अधिक सावकाश निघतो. घरी सोडल्यावर पुढचे सहा आठवडे लक्ष ठेवा. विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे काही नवे दिसले तर आधीचे कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांना दाखवा.