‘कसंतरी होतंय’ म्हणजे नेमकं काय होतंय? घराघरांतल्या या शब्दाकडे दुर्लक्ष का करू नये?

सकाळचे अकरा. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या सासूबाई मध्येच थांबतात. सून विचारते, ‘आई, काय होतंय तुम्हाला?’ उत्तर येतं, ‘काय नाय गं. कसंतरीच होतंय.’ मग घरात निदान सुरू होतं. कोणी म्हणतं ॲसिडिटी, कोणी म्हणतं ऊन लागलं, कोणी म्हणतं रात्री झोप झाली नाही. सासूबाईंना लिंबूपाणी देऊन आडवं व्हायला सांगितलं जातं आणि विषय तिथेच संपतो.

असा संवाद उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये होऊ शकतो, तसाच पनवेलच्या एखाद्या फ्लॅटमध्येही. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे चिरनेरचं नाव इतिहासात नोंदलं गेलं. या पट्ट्यात आगरी, कोळी, कातकरी अशा वेगवेगळ्या बोली कानावर पडतात. आगरीत ‘मला’चं ‘मना’ होतं. तपासणारे डॉक्टर मात्र नाशिकचे असू शकतात किंवा नांदेडचे. अशा वेळी रुग्णाच्या एका शब्दाचा अर्थ कोण कसा लावतो, यावर पुढचे काही तास अवलंबून असू शकतात.

‘कसंतरी’चा शब्दशः अर्थ काय?

‘कसंतरी’ हा शब्द रीत सांगतो. ‘मला कसंतरी होतंय’ या वाक्यात तो ‘होणे’ या क्रियेबद्दल माहिती देतो, म्हणजे क्रियाविशेषणाचं काम करतो. त्याचे दोन भाग पडतात, ‘कसं’ आणि ‘तरी’. यातल्या ‘तरी’कडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

हाच ‘तरी’ कोणीतरी, काहीतरी, कुठेतरी, कधीतरी या शब्दांतही आहे. ‘दारात कोणीतरी आलंय’ असं म्हटलं तर दारात माणूस आहे हे नक्की, फक्त तो कोण हे माहीत नाही. ‘कसंतरी होतंय’चंही तसंच आहे. काहीतरी होतंय हे नक्की आहे, त्याला नाव मात्र सापडत नाही.

म्हणूनच ‘काही होत नाही’ आणि ‘कसंतरी होतंय’ ही दोन वाक्यं एकमेकांच्या जवळची नाहीत, उलट अर्थाची आहेत. घरात मात्र दुसरं वाक्य पहिल्यासारखं ऐकलं जातं. त्यात सुरुवातीला सवयीने ‘काय नाय’ जोडलं की ऐकणारा निर्धास्त होतो.

मग ‘काम कसंतरी उरकलं’मधला ‘कसंतरी’ वेगळा का?

शब्द तोच, पण वाक्याची घडण वेगळी. ‘मी काम कसंतरी उरकलं’ यात करणारा ‘मी’ आहे आणि रोख कामाच्या दर्जावर आहे. ‘मला कसंतरी होतंय’ यात ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. भूक लागणं, थंडी वाजणं, भीती वाटणं या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याला होतात. मराठी त्या ‘मला’ने सांगते.

शाळेच्या व्याकरणात ‘मला मळमळते’ हे भावकर्तरी क्रियापदाचं नेहमीचं उदाहरण असतं. तिथे कर्ता वेगळा दाखवता येत नाही, पण निदान ‘मळमळणे’ असं नेमकं क्रियापद तरी हाताशी असतं. ‘कसंतरी होतंय’मध्ये तेही नाही.

इतके शब्द असताना हाच का?

शरीराच्या तक्रारींसाठी मराठीत शब्दांची कमी नाही. कळ, ठणका, चमक, लचक, जळजळ, ठसठस, चुणचुण, धडधड, गरगरणं, मुंग्या येणं, घशाशी येणं. यातला प्रत्येक शब्द काहीतरी वेगळं सांगतो. ठसठस म्हटलं की गळू आठवतं आणि चमक म्हटलं की पाठ.

जगभरात डॉक्टरांनीही असे शब्द गोळा केले आहेत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. रुग्णाने आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे. कुठला शब्द निवडला यावरून दुखणं कुठल्या प्रकारचं आहे, याचा अंदाज बांधायला मदत होते.

पण अशा याद्या दुखण्यासाठी असतात. शरीरातले सगळे बिघाड दुखतातच असं नाही. जे दुखत नाही, जळत नाही, टोचतही नाही, तरी नेहमीसारखं वाटत नाही, त्यासाठी मराठी माणूस ‘कसंतरी’ म्हणतो. मोबाइलवर कधी कधी ‘काहीतरी चुकलं आहे’ एवढाच संदेश येतो. काय चुकलं ते फोन सांगत नाही, पण म्हणून बिघाड खोटा ठरत नाही.

‘कसंतरी’मागे कोणते आजार असू शकतात?

बहुतेक वेळा कारण साधं असतं. उपवास, उकाडा, जागरण, अपचन. पण काही गंभीर आजारांची सुरुवातही अशीच होते.

हृदयविकाराचा झटका: छातीत दुखणं किंवा दडपण येणं हे पुरुष आणि स्त्रिया दोघांतही सर्वाधिक दिसणारं लक्षण आहे. मात्र धाप, मळमळ, प्रचंड थकवा, पाठीत किंवा जबड्यात दुखणं अशी इतर लक्षणं स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतात. मधुमेहींमध्ये छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो.

साखर उतरणं: मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं.

मण्यारचा दंश: मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावू शकते. दंश फारसा दुखत नाही आणि खूणही अनेकदा दिसत नाही. पोटात दुखणं, उलटी, पापण्या जड होणं अशी सुरुवात होते. रुग्णाला साप चावल्याचंच माहीत नसतं.

याशिवाय ‘आता काहीतरी वाईट होणार’ अशी अचानक दाटून येणारी भावना वैद्यकशास्त्रात लक्षण म्हणून नोंदलेली आहे. हृदयविकाराचा झटका, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणं आणि तीव्र ॲलर्जी यांत ती दिसू शकते.

रायगडचाच एक धडा

बारीकसारीक लक्षणं गांभीर्याने ऐकली तर काय साधतं, याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांची लक्षणं काटेकोरपणे टिपली. लाल विंचवाच्या विषाचा मारा हृदयावर होतो. पण त्याआधी उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं अशा खुणा दिसतात. या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापरामुळे विंचूदंशाच्या उपचारांचं चित्र बदललं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

घरच्यांनी नेमकं काय करावं?

पहिली गोष्ट म्हणजे शब्द बदलू नये. दवाखान्यात रुग्णासोबत गेलेली व्यक्ती अनेकदा ‘कसंतरी होतंय’चं ‘ॲसिडिटी झालीय’ किंवा ‘अशक्तपणा आलाय’ करून सांगते. तिथे लक्षण हरवतं आणि त्याच्या जागी घरचं निदान पोहोचतं. रुग्ण जे म्हणाला तेच, त्याच्याच बोलीत सांगावं आणि त्याला पुढच्या उत्तरांची जोड द्यावी.

• कधीपासून होतंय? एकदम सुरू झालं की हळूहळू?
• शरीरात कुठे जास्त जाणवतं? हात ठेवून दाखवता येईल का?
• सोबत घाम, धाप, उलटी, चक्कर आहे का?
• चालल्यावर, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर फरक पडतो का?
• असं पूर्वी कधी झालं होतं का?
• कोणती औषधं सुरू आहेत? आज घेतली का?

‘ॲसिडिटी आहे का?’ असा एकच पर्याय पुढे करू नये. थकलेला माणूस ‘असेल’ म्हणून मोकळा होतो. ‘जळजळतंय, दडपल्यासारखं होतंय की गरगरतंय?’ असे दोन-तीन पर्याय दिले तर नेमका शब्द सापडू शकतो. एकही लागू पडला नाही तर ‘कसंतरी’च राहू द्यावं.

घाम, धाप, छातीवर दडपण, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं किंवा पापण्या मिटत जाणं यातलं काहीही ‘कसंतरी’सोबत असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साखर उतरल्याची शंका असेल आणि रुग्ण शुद्धीत असून त्याला गिळता येत असेल, तर साखर किंवा गोड पेय द्यावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

आणि ‘कसंतरी वाटतंय’ म्हटलं तर?

ही रेषा पक्की नाही, पण ‘होतंय’चा रोख बहुधा शरीराकडे आणि ‘वाटतंय’चा मनाकडे असतो. मुलगी सासरी गेल्यावर, घरातलं माणूस गेल्यावर किंवा काहीच कारण नसतानाही ‘कसंतरी’ वाटू शकतं. हे रोजच होत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर त्यासाठीही मदत आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलि मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. फोन करताना नेमके शब्द जुळवून ठेवायची गरज नाही. ‘कसंतरी वाटतंय’ एवढं सांगितलं तरी बोलणं सुरू होतं.

ओट्यावरच्या सासूबाईंना लिंबूपाणी द्यायला हरकत नाही. पण ग्लास हातात देऊन निघून न जाता शेजारी बसावं आणि विचारावं, ‘आई, कसंतरी म्हणजे कसं? कधीपासून होतंय?’